बोटीचं नुकसान, पाटीचं नुकसान

(रेडिओवरचं भाषण)



वैशाख संपत आला की आपल्या घरात पावसाची बेगमी सुरू होते. पापड झाले, कुरडया झाल्या, हळद-तिखट डब्यात गेलं की मग सुकी मासळी. बोंबील, सोडे, जवळा, वाकट्या. यंदा बोंबलाचा भाव ऐकून आमच्या गटातल्या एकीने शेकड्याच्या जागी पन्नासच घेतले. तिने मासळीवाल्या मावशींना विचारलं, "मावशी, भाव इतका कशाने वाढला?" मावशी म्हणाल्या, "दर्यात गॅसवाले फिरतात बाय. म्हावरा कुठला गावायला?"

आमची मैत्रीण घरी आली, शेगडी पेटवली आणि त्यातले दोन बोंबील जाळावर भाजले. भाजता भाजता तिच्या मनात आलं, की हा बोंबील समुद्रातला आणि हा जाळही समुद्रातलाच म्हणतात. मग या दोघांचं भांडण कधी लागलं? गटाच्या बैठकीत तिने हे विचारलं तेव्हा आम्हाला कुणालाच नीट सांगता येईना. मग आम्ही जाणत्यांना विचारलं, जुनी कात्रणं वाचली आणि जे हाती लागलं ते आज तुमच्यापुढे मांडतो आहोत.

तुम्ही म्हणाल, आपण बदलापूरच्या, अंबरनाथच्या, उल्हासनगरच्या बायका, आपल्याला समुद्राचं काय? पण आपली उल्हास नदी कुठे जाते ते बघा. घाटातून उतरते, कर्जत, नेरळ करत बदलापूरला येते, पुढे कल्याण, मग खाडी होते आणि वसईला समुद्राला मिळते. त्याच वसईचं नाव समुद्रातल्या एका मोठ्या गॅसच्या साठ्याला आहे. इंग्रज वसईला बसीन म्हणायचे, म्हणून कागदोपत्री ते 'बसीन' क्षेत्र. आपल्या नदीचं तोंड जिथे, तिथलंच नाव.

आता गोष्ट सुरुवातीपासून.

१९६० च्या दशकात रशियन आणि भारतीय तज्ज्ञांनी जहाजांवरून आपल्या समुद्राचा तळ तपासला आणि मुंबईच्या पश्चिमेला तेल असावं असा अंदाज बांधला. १९७३ साली अरब देशांनी तेलाचे भाव एकदम चढवले. ज्या मैत्रिणी तेव्हा कळत्या वयाच्या होत्या त्यांना रॉकेलच्या रांगा आठवत असतील. सरकारला घाई झाली. 'सागर सम्राट' नावाचं जपानमध्ये बांधलेलं, समुद्राच्या तळावर पाय रोवून उभं राहणारं यंत्र आणलं गेलं. ३१ जानेवारी १९७४ ला पहिली विहीर खणायला घेतली आणि फेब्रुवारीत तेल लागलं. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटर आत. त्या जागेला बॉम्बे हाय म्हणतात. मे १९७६ पासून तेल यायला लागलं. पुढे तळावरून नळ टाकून तेल आणि गॅस उरणला आणले. वसई क्षेत्राचा गॅस गुजरातेत हजिऱ्याला नेला आणि तिथून लांबच्या नळाने थेट उत्तर प्रदेशापर्यंत.

एक गोष्ट ऐकून आम्हाला हळहळ वाटली. पहिल्या काही वर्षांत तेलाबरोबर वर येणारा बराचसा गॅस तिथल्या तिथे जाळून टाकत असत. हवं होतं ते तेल. गॅस आणायला पुरेसे नळ नव्हते, वापरायला पुरेसे कारखाने नव्हते. आपल्या आया तेव्हा फाटी आणायला डोंगर चढत होत्या, चुलीपुढे डोळे चोळत होत्या आणि समुद्रात रात्रंदिवस मशाली पेटलेल्या होत्या.

पुढे उरणला सिलिंडरचा गॅस वेगळा काढायचा कारखाना झाला. अलिबागजवळ थळला १९८५ च्या सुमारास त्याच समुद्राच्या गॅसवर खताचा कारखाना सुरू झाला, म्हणजे भाताला टाकतो त्या युरियातही समुद्र आला. आज सिलिंडरमधला बराच गॅस परदेशातून जहाजाने येतो हेही खरं. पण सुरुवात तिथली. आपण गॅसला शिव्या द्यायला बसलेलो नाही. चुलीचा धूर ज्यांनी गिळला आहे त्यांना गॅसची किंमत दुसऱ्या कुणी सांगायला नको. आम्हाला विचारायचं आहे ते एवढंच, की आपला धूर गेला त्याची किंमत कुणी भरली?

आता मासळीचं काय होतं ते बघू. इथे थोडं सावकाश जाऊ या.

पहिली गोष्ट जागेची. समुद्रात उभ्या असलेल्या प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या भोवती ५०० मीटर कुणी यायचं नाही असा नियम आहे. नियम वाईट नाही. तिथे गॅस आहे, आग लागली तर माणसं मरतील. पण गंमत अशी, की प्लॅटफॉर्मच्या लोखंडी पायांना शेवाळ धरतं, कालवं-शिंपले चिकटतात, रात्रभर दिवे असतात. तिथे बारीक मासे जमतात आणि त्यांच्यामागे मोठे. म्हणजे मासळी जिथे गोळा होते तिथेच बंदी. बोट जवळ गेली की हाकलतात. गेली नाही तर डिझेल जाळून रिकामी परत. नळ आणि जुने सांगाडे तळाशी असतात तिथे जाळं अडकून फाटतं ते वेगळंच.

दुसरी गोष्ट पाण्याची. विहीर खणताना एक प्रकारचा चिखल आत सोडतात आणि खडकाचा चुरा त्याच्याबरोबर वर येतो. तेल-गॅस निघायला लागल्यावर त्यांच्याबरोबर जमिनीच्या पोटातलं खारट, तेलकट पाणीही येतं. विहीर जुनी होत जाते तसं हे पाणी वाढतं. ते साफ करून समुद्रात सोडायचं असतं. नीट साफ केलं तर ठीक. नाही केलं तर तळावर राहणाऱ्या जिवांना त्याचा पहिला फटका, आणि तळावरच्या जिवांवर तर बाकीची मासळी जगते.

तिसरी गोष्ट आवाजाची, आणि मावशी म्हणत होत्या ते 'फिरणारे गॅसवाले' हेच. नवीन साठा शोधायला सर्व्हेचं जहाज येतं. मच्छीमार त्याला सिस्मिक सर्व्हे म्हणतात. ते जहाज दाबलेल्या हवेचा बार पाण्यात उडवतं. काही सेकंदांनी एक, परत एक, असं दिवसरात्र. तो आवाज तळाखालच्या खडकावर आपटून परत येतो आणि जहाजामागे कित्येक किलोमीटर लांब ओढलेल्या दोऱ्यांवरची यंत्रं तो टिपतात. आपण कलिंगड वाजवून बघतो ना, आतून कसं आहे ते, तसंच. फक्त ही थाप फार मोठी.

त्या थापेने मासळी पळते का? नॉर्वे देशात १९९२ साली हे तपासलं. सर्व्हेच्या आधी, सर्व्हे चालू असताना आणि नंतर अशी मासेमारी करून मोजलं. कॉड आणि हॅडॉक नावाच्या त्यांच्याकडच्या मासळीची जाळ्यातली आवक साधारण निम्म्याने घटली, तीही १८ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे ३३ किलोमीटरपर्यंत. सर्व्हे थांबल्यावर पाच दिवस मोजत राहिले, तोवरही ती पूर्वीसारखी झाली नव्हती. पुढे २०१७ साली ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानियातल्या अभ्यासात दिसलं, की अशा बारांनी पाण्यातले डोळ्याला न दिसणारे बारीक जीव सव्वा किलोमीटरपर्यंत मेले. या बारीक जिवांवर जवळा जगतो आणि जवळ्यावर बोंबील.

सर्व्हेला शांत समुद्र लागतो. पावसात ते जहाज चालत नाही. म्हणजे पाऊस सरल्यापासून मे महिन्यापर्यंत त्याचा हंगाम. मासेमारीचा हंगामही तोच. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला की जे आठ-नऊ महिने कोळ्याच्या हाताशी असतात, त्यातूनच सर्व्हेवाले दिवस मागतात. वसई, उत्तन, अर्नाळा इकडची डोल जाळी तर खुंट ठोकून एका जागी बांधलेली असतात. भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी आपोआप आत शिरते. ती जाळी 'जहाज येतंय, बाजूला व्हा' म्हटल्यावर उचलून कुठे नेणार? डहाणूपासून सातपाटी, वसई, उत्तनपर्यंतचे मच्छीमार या सर्व्हेविरुद्ध किती वर्षं ओरडत आहेत, भरपाई मागत आहेत. नॉर्वेच्या तेलाच्या कायद्यात मात्र मच्छीमारांच्या भरपाईसाठी एक वेगळं प्रकरणच घातलेलं आहे. तिथे कोळ्याला दरवेळी रस्त्यावर उतरावं लागत नाही.

आता न्यायाने बोलायचं तर मावशींचं म्हणणं अर्धं खरं. मासळी कमी व्हायला गॅसवाले एकटे कारण नाहीत. पर्ससीन जाळी, विजेचे दिवे लावून रात्री केलेली मासेमारी, पिल्लं उपसणारे बारीक आसाचे ट्रॉलर, वादळं, सगळंच आहे. २०१९ साली महाराष्ट्रात समुद्रातून जेमतेम २ लाख टन मासळी आली, गेल्या ४५ वर्षांतली सगळ्यात कमी. त्या वर्षी एकामागून एक वादळं आली आणि बोटी किनाऱ्यालाच बांधून राहिल्या. त्याचं खापर गॅसवर फोडणं चुकीचं होईल. पण ज्याला आधीच ताप आहे त्याला थंड पाण्याने न्हाऊ घातलं तर तो जास्त आजारी पडणार, तसं हे आहे. आणि दुबळ्या समुद्राचं हे दुखणं मोजायला कुणी बसत नाही, कारण मोजलं की पैसे द्यावे लागतात.

अपघातही झाले. मे १९९३ मध्ये बॉम्बे हायहून येणारा नळ फुटला आणि हजारो टन तेल समुद्रात गेलं. जानेवारी २०११ मध्ये नळाला परत गळती. त्याआधी ऑगस्ट २०१० मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन जहाजांची टक्कर होऊन तेल सांडलं. त्यात गॅसवाल्यांचा संबंध नव्हता, पण तेव्हा काय झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. लोकांनी मासळी खाणंच सोडलं. चांगली, लांबच्या समुद्रातली मासळीही कुणी घेईना. बोटवाल्याने निदान समुद्रात न जाता डिझेल तरी वाचवलं. जिने पहाटे लिलावात उधारीवर पाटी उचलली होती तिची पाटी तशीच राहिली, बर्फाचे पैसे अंगावर पडले.

आणि एक तारीख तर आपण कुणीच विसरणार नाही. २६ जुलै २००५. मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. बदलापुरात उल्हास घरात शिरली, इकडे वालधुनीने उल्हासनगरच्या, अंबरनाथच्या वस्त्या धुऊन नेल्या. आपण पत्र्यांवर, माळ्यांवर, शेजारणीच्या वरच्या मजल्यावर रात्र काढली. दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, आपण चिखल उपसत होतो तेव्हा बॉम्बे हायवर काय झालं हे आपल्यातल्या बहुतेकींना माहीतच नाही. वीज नव्हती, टीव्ही नव्हता.

तिथे एका जहाजावरच्या स्वयंपाक्याची बोटं कापली गेली होती. हवा वाईट, हेलिकॉप्टर उडेना. म्हणून जहाज त्याला उपचारासाठी प्लॅटफॉर्मकडे घेऊन आलं. लाटांनी ते जहाज प्लॅटफॉर्मवर आदळलं, गॅसचा उभा नळ फुटला आणि आग लागली. दोन तासांत तो अख्खा प्लॅटफॉर्म कोसळला. ३६२ माणसांना वाचवलं, २२ माणसं गेली. आमच्या गटात हे वाचून दाखवलं तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. स्वयंपाक करताना बोट कापणं ही आपल्याला रोजची गोष्ट. तिथून पुढे इतकं होऊ शकतं, कारण तिथे पायाखाली गॅस आहे. पावसाळी बंदी होती म्हणून मच्छीमारांच्या बोटी तेव्हा समुद्रात नव्हत्या, एवढंच नशीब.

आता उरणला चला. समुद्रातले नळ जिथे जमिनीवर येतात ते हे गाव. इथल्या खाडीत पिढ्यान् पिढ्या कोळी मासेमारी करत आले. १९७० च्या दशकात तेल-गॅसवाले आले, सिडकोने जमीन घेतली, मग न्हावाशेवा बंदर आलं. बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला आणि लोकांना हनुमान कोळीवाडा म्हणून नवी जागा दिली. त्या घरांना वाळवी लागली. दारं, चौकटी, पेट्या खाल्ल्या. ती माणसं अजून त्या वाळवीशी आणि सरकारी कागदांशी झगडताहेत. खाडीत भराव पडले, खारफुटी तुटली, भरतीचं पाणी आत यायच्या वाटा बंद झाल्या. खारफुटी म्हणजे मासळीचं बाळंतघर. ते मोडल्यावर मासळी कुठून येणार?

इथल्या कोळ्यांनी पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली. २७ फेब्रुवारी २०१५ ला निकाल लागला. १६३० मच्छीमार कुटुंबांना मिळून ९५ कोटी १९ लाख २० हजार रुपये द्यावेत. मोठा वाटा बंदराने, उरलेला ओएनजीसीने, म्हणजे तेल-गॅसच्या सरकारी कंपनीने, आणि सिडकोने. हिशेब केला तर एका कुटुंबाला ५ लाख ८४ हजार. आदेश निघाला म्हणजे पैसे खिशात आले असं नसतं, पण आदेश मोठा होता. ज्यांनी खाडीचं नुकसान केलं त्यांनी कोळ्याला पैसे द्यायचे, असं कायद्याने म्हटलं.

आम्ही मात्र '१६३० कुटुंबं' या शब्दांपाशी अडकलो. लवादाने कुटुंब मोजलं हे चांगलं, कारण एरवी भरपाईची मागणी बोटीवर चालते. किती सिलिंडरची बोट, किती खलाशी, किती फेऱ्या बुडाल्या. बोटीला नंबर असतो, लायसन असतं, सोसायटीच्या वहीत नाव असतं. पण कुटुंब म्हटलं तरी कागदावर पहिलं नाव कुणाचं असतं, ते तुम्ही आपापलं रेशनकार्ड काढून बघा. आणि ज्या घरात बोटच नाही? धक्क्यावर लिलावात माल घेऊन, डोक्यावर पाटी घेऊन, लोकलच्या सामानाच्या डब्यातून आपल्या दारी येणारी बाई विधवा असेल, एकटी असेल, तर ती कुठल्या यादीत? समुद्रात मासळी कमी झाली की बोटवाल्याला निदान भाव चढून मिळतो. पाटीवालीला तोच चढा भाव द्यावा लागतो आणि गिऱ्हाईक, म्हणजे आपण, शेकड्याच्या जागी पन्नास घेतो. दोन्हीकडून मार तिलाच.

आणि इतकं बोलल्यावर आपल्या अंगणातलंही बोललं पाहिजे. अंबरनाथजवळ काकोळ्याच्या डोंगरात वालधुनी उगम पावते. १०६० सालच्या शिवमंदिराला वळसा घालून उल्हासनगरातून जाते आणि कल्याणला खाडीला मिळते. मंदिर बांधणाऱ्यांनी ती जागा निवडली तेव्हा तिचं पाणी कसं असेल, याची आता कल्पनाही करवत नाही. आमच्या सासवा तिथे कपडे धूत. आता ती कधी निळी, कधी लाल असते. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिच्यात टँकरने रसायन ओतलं आणि उल्हासनगरातल्या शेकडो माणसांना श्वास कोंडून दवाखान्यात न्यावं लागलं. नदीसाठीही लोक लवादात गेले, दंड झाले, जीन्स धुण्याचे कारखाने बंद झाले. त्या जीन्सचे धागे आपल्यातल्याच कितीतरी जणी घरी बसून नगावर कापत होत्या, त्यांची रोजी गेली. त्यांनाही कुणी यादीत घेतलं नाही.

म्हणजे वरून आपल्या गावांचं घाण पाणी खाडीत उतरतं आणि खालून गॅसचा त्रास वर येतो. पूर्वी खाडीत बोय, जितारा, निवट्या, चिंबोऱ्या मिळत. समुद्र खवळला की खाडीवर घर चालायचं. ती खाडी आपण खराब केली, म्हणून समुद्रातलं नुकसान कोळणीला जास्त लागतं. मावशी आम्हाला हे बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर आमच्याकडे उत्तर नव्हतं.

त्यांना आम्ही मागच्या बैठकीला बोलावलं होतं. गोल बसून चहा झाला. आम्ही विचारलं, "मावशी, गेल्या वर्षी सर्व्हेचं जहाज होतं तेव्हा तुमचं किती नुकसान झालं?" त्या हसल्या. म्हणाल्या, "आता तोंडावर काय सांगू? लय झाला." लय म्हणजे किती, ते कुठेच लिहिलेलं नाही. लवादापुढे, साहेबापुढे 'लय' चालत नाही.

म्हणून आम्ही एक दोनशे पानी वही घेतली. त्यात रकाने आखले. तारीख. कुठल्या धक्क्यावरून माल. किती पाट्या. लिलावाचा भाव. बर्फ, हमाली, भाडं. किती विकलं, किती उरलं, उरलेल्याचं काय केलं. आणि शेवटचा रकाना, त्या दिवशी समुद्रात सर्व्हेचं जहाज किंवा तेल दिसल्याचं बोटवाल्यांनी सांगितलं का. मावशींना लिहिता येत नाही. त्या मंगळवारी आणि शुक्रवारी येतात तेव्हा आमच्यातली एक जण त्यांच्याकडून विचारून लिहिते. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "नाव कोणाचं घालशील? सोसायटीत तर पोराचं हाय." आम्ही त्यांचंच घातलं. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, माझ्याबरोबर डब्यात आणखी सहा जणी असतात, त्यांची पण पानं काढा.

सध्या बोटी किनाऱ्याला आहेत. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी असते, तोवर वहीत सुक्या मासळीच्याच नोंदी आहेत. तुमच्या गावात येणाऱ्या मासळीवालीची अशी वही ठेवायची असेल तर रकाने कसे आखायचे ते आम्ही पुढच्या भागात सावकाश वाचून दाखवू. पेन्सिल हाताशी ठेवा.